गर्दीचं डोकं ठिकाणावर होतं

दंगल उसळली की आपण म्हणतो, लोकांच्या अंगात आलं होतं. असं म्हटलं की पुढे काही विचारायचं उरत नाही. इतिहासकार नॅटली झेमन डेव्हिस यांनी मात्र तिथूनच विचारायला सुरुवात केली. सोळाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगलींवर त्यांनी १९७३ साली लिहिलेला निबंध झोपायच्या आधी वाचू नये. त्यातला जमाव पिसाळलेला नाही. तो प्रवचनाचा, मिरवणुकीचा मुहूर्त साधतो, पाद्री आणि न्यायाधीश यांची कामं स्वतःकडे घेतो, खटल्याचं नाटकही रीतसर वठवतो. कॅथलिक देहांवर तुटून पडत, प्रोटेस्टंट जास्त करून मूर्तींवर. प्रेतं नदीत लोटली जात, तीही शहर शुद्ध व्हावं म्हणून. धान्य महागलं म्हणून माणसं उठली, हा हिशेब बाईंना पटला नाही. मारणाऱ्यांच्या मनाला टोचणी नव्हती, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. मिरवणूक आणि दंगल यांचं साटंलोटं आपल्याला वेगळं सांगायला नकोच.

रीतसर छळ कसा होतो, हे बाईंनी घरातच पाहिलं होतं. १९५२ साली लिआँच्या दफ्तरखान्यात टिपणं काढून त्या अमेरिकेत परतल्या आणि कम्युनिस्टांचा छडा लावणाऱ्या संसदेच्या चौकशी समितीविरुद्धच्या एका पत्रकापायी नवराबायकोचे पासपोर्ट जप्त झाले. दफ्तरं दुरावली, मग अमेरिकेतल्याच ग्रंथालयांत सोळाव्या शतकातली छापील पुस्तकं चाळणं आलं. गणितज्ञ नवरा चँडलर समितीला उत्तरं देईना, म्हणून १९६० साली तुरुंगात गेला. घरात तीन मुलं. या अनुभवाची त्या निबंधाशी सांगड मी घालतो आहे, पण ती मला सोडवत नाही. पुढची टोरांटो, बर्कली, प्रिन्स्टन इथली प्राध्यापकी चरित्रकारांसाठी.

१९८७ च्या पुस्तकात त्या फ्रान्सच्या राजाकडे केलेल्या माफीच्या अर्जांकडे वळल्या. खुनाचा आरोपी सांगतो, लेखनिक लिहून घेतो: सणाचा दिवस, कामावरून परतत होतो, त्याने शिवी दिली, रक्त तापलं, हातात सुरी होतीच. खरं-खोटं ठरवण्यापेक्षा गोष्ट कशी रचली आहे, हे बाई बघतात. माझी तक्रार इथेच आहे. मारणाऱ्याचं मन त्या इतकं उलगडून दाखवतात की मेलेला मागे पडतो. पण दोष फक्त त्यांना कसा द्यावा? माफी मागायला उरला होता मारणाराच, आणि मेलेल्याने शिवी दिली होती की नाही, हेही आपल्याला तोच सांगतो.