मिठाच्या पेटीवरून घराचे नाव

अमेरिकेत बोस्टन शहराच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर स्टरब्रिज नावाचे गाव आहे. तेथे १९४६ साली ‘ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज’ हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू झाले. इतर ठिकाणची जुनी घरे, कुंभारशाळा उचलून आणून तेथे पुन्हा उभी केली आहेत. १७९० ते १८४० च्या काळातला शेतकऱ्याचा संसार तेथे पाहायला मिळतो.

मंडळी, या मुलखातल्या जुन्या वस्तूंची नावे ऐकण्यासारखी आहेत. पुढून दुमजली, मागे छप्पर लांब उतरत एकमजली झालेले घर म्हणजे ‘सॉल्टबॉक्स’. सॉल्टबॉक्स म्हणजे मिठाची पेटी. चुलीजवळ भिंतीला टांगलेल्या उतरत्या झाकणाच्या लाकडी पेटीसारखे ते दिसते, म्हणून हे नाव. ‘रेडवेअर’ म्हणजे लोहाचा अंश असलेल्या मातीची तांबडी भांडी. त्यांना शिशाची झिलई देत. आंबट पदार्थ ठेवला की शिसे त्यात उतरे, आणि ते तर विषच. ‘मिल्क पेंट’ म्हणजे दुधाचा रंग. साय काढलेल्या दुधात चुना आणि रंगाची माती कालवायची आणि लाकडाला लावायची. ‘हुक्ड रग’ म्हणजे फाटक्या कपड्यांच्या चिंध्या आकड्याने गोणपाटातून ओढून केलेली जाजमे. तो गोणपाट तागाचा, आणि ताग आपल्या बंगालचा!

यातले एकही नाव शोभेसाठी ठेवलेले नाही. वस्तू कशाची, कशी केली, कशासारखी दिसते, एवढेच ते सांगते. आपल्याकडे शिंके, कणगी, वाकळ ही नावेही अशीच कामातली.

पुढे शहरातले हौशी लोक या वस्तू गोळा करू लागले. १९३० साली न्यूअर्कच्या संग्रहालयात खेड्यापाड्यांतल्या जुन्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्याच्या नावातच ‘प्रिमिटिव्ह’ हा शब्द होता. प्रिमिटिव्ह म्हणजे आदिम, ओबडधोबड. चित्रे काढणाऱ्यांनी स्वतःला असे कधी म्हटले नसेल. ‘कलोनियल’, म्हणजे इंग्रजांच्या वसाहतीच्या काळातले, हा दुसरा शब्द. इंग्रजांचे राज्य झुगारल्याची घोषणा १७७६ सालीच झाली होती. तरी त्यानंतरच्या वस्तूंनाही दुकानदार सर्रास तेच नाव लावतात. आता तर कोरे टेबल पॉलिश-पेपरने घासून, कोपरे झिजवून विकतात. त्याला ‘डिस्ट्रेस्ड’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या हात लागून जी झीज व्हायची, ती कारखान्यात अर्ध्या तासात!

यात आपल्यासाठी एक गोष्ट आहे. वस्तू विकली तरी चालेल, पण तिचे नाव विकणाऱ्याच्या तोंडून शिकण्याची वेळ येऊ नये. शहरातला माणूस दारात येऊन जाते, पाटा, पितळी हंडा ‘अँटिक’ म्हणून मागतो तेव्हा तो फक्त जुनेपणाचे पैसे देतो. खुंट्याला काय म्हणत, मेख कशाची असे, पाट्याला टाकी कोण लावी, हे तो विचारत नाही. ते आजीला माहीत आहे. तिच्याकडून मुलांनी वहीत उतरवून घ्यावे, आणि हे काम या सुट्टीतच करावे.