बदली डिस्क कोरीच येते

पेण व रोहा येथील बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांवर व्यवहार चालला. चोपड्याला ओल किंवा वाळवी लागली तर ती नजरेस पडे आणि उरलेली पाने तरी वाचता येत. आता उधारी, साठा आणि येणी-देणी टॅलीमार्फत तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये साठवली जातात. दिवाळीच्या चोपडापूजनात संगणकालाही कुंकू लागते. या नव्या चोपड्याची झीज मात्र आतल्या आत होते.

रोह्यातील एका घाऊक किराणा पेढीने, दुकानात व घरी दोन्हीकडे काम करता यावे म्हणून, सारा हिशेब एकाच बाह्य डिस्कवर ठेवला होता. एका सकाळी तिच्यातून टकटक आवाज आला आणि ती उघडेना. हमीचे पाच महिने बाकी होते. कंपनीने नियमाप्रमाणे दुसरी डिस्क पाठवली. ती कोरी होती. पेणच्या ग्राहकांकडील उधारी वृद्ध मालकांना आठवेल तेवढीच उरली. काहींनी स्वतःच्या वहीतील रक्कम आपणहून कळवली. इतरांकडे मागणी करण्यास आधारच राहिला नाही.

हमी यंत्राची असते, त्यातील माहितीची नसते. बिल जपून ठेवावे, अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून मुदत तपासावी आणि डिस्क स्थानिक दुकानात उघडू देऊ नये. तसे केल्यास हमी सहसा संपते. बाह्य डिस्कची हमी बहुधा तीन वर्षांची असते. वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे मात्र हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. हे अंतर व्यापाऱ्यानेच भरून काढायचे असते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या व्यवस्थेत ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रणालीत ती वाचता येते. खराब ठरून बदललेले, बदलीच्या प्रतीक्षेतील आणि दुरुस्त न होणारे कप्पे, हे तीन आकडे महिन्यातून एकदा पाहावेत. ते वाढू लागले की डिस्क निवृत्त करावी. आकडे शून्य असले तरी निर्धास्त होऊ नये. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान वगळता अशी कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती.

डिस्कच्या आतील नियंत्रक आज्ञावलीतही, म्हणजे फर्मवेअरमध्येही, दोष निघतात. २००९ मध्ये सीगेटला आणि २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या काही बाह्य एसएसडींसाठी सुधारित फर्मवेअर द्यावे लागले. ते कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. पण आधी प्रत काढावी, मगच हात लावावा.

बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. हिशेबाच्या प्रतींनाही हाच न्याय लावावा. कुंडलिकेकाठच्या रोह्यातील प्रत भोगावतीकाठच्या पेणमधील आप्तांकडे असावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याला तडाखा दिला होता. म्हणून तिसरी प्रत कोकणाबाहेर किंवा क्लाऊडवर ठेवावी. तिमाहीस एकदा त्या प्रतीतून एखाद्या जुन्या ग्राहकाचे खाते उघडून पाहावे. ते उघडले, तरच प्रत आहे असे समजावे.