चाळीस दिवसांचे पाणी

शाळेच्या दर्शनी दालनात, बाबासाहेबांच्या प्रतिमेपासून थोड्या अंतरावर, माशांची एक काचेची टाकी आहे. भेटीस येणारे पालक तिच्यासमोर हटकून थांबतात. तिच्यातील पहिले बारा मासे नऊ दिवसांत मेले होते, ही गोष्ट मात्र त्यांना कोणी सांगत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हीच ती सांगितलेली बरी, कारण ते आमच्या हातून मेले.

आम्ही तेव्हा आठवीच्या शयनगृहातील चौदा जण होतो. एका माजी विद्यार्थ्याने घर बदलताना आपली रिकामी टाकी शाळेस दिली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. गणिताच्या सरांनी तिचे घनफळ आमच्याकडूनच काढून घेतले, ते सुमारे 160 लिटर भरले. शनिवारी आम्ही टाकी धुतली, वाळू पसरली, बोअरचे पाणी भरले. रविवारी तालुक्याच्या बाजारातून बारा गोल्डफिश आणले. सायंकाळी वंदनेनंतर सारी शाळा रांगेने मासे पाहून गेली आणि प्रत्येकाने चिमूटभर खाद्य टाकले. दोनशे मुलांच्या दोनशे चिमटी!

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. त्यांना भूक लागली असावी असे आम्हांस वाटले, म्हणून आम्ही आणखी खाद्य घातले. नवव्या दिवशी पहाटे शेवटचा मासा आडवा झाला.

त्या सायंकाळी पंचशील म्हणताना पहिल्याच शीलाशी आमचे आवाज खाली गेले. वंदना संपल्यावर आमच्यातील एकाने धीर करून विचारले, ‘‘भंतेजी, आमचे शील मोडले का?’’

भंतेजी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मारण्याची चेतना तुमच्या मनात नव्हती, म्हणून शील मोडले नाही. पण मुलांनो, ते का मेले हे तुम्हांला ठाऊक आहे का?’’ आम्ही माना हलविल्या. ‘‘मग आधी ते शोधून काढा. कळल्यानंतर पुन्हा तसेच घडले, तर मात्र माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येऊ नका.’’

शोध विज्ञानाच्या सरांपाशी संपला. त्यांनी जवळच्या महाविद्यालयातून नेसलरच्या द्रावणाची बाटली आणली. टाकीतील पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात थेंब सोडताच ते गर्द पिवळे झाले. हा अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तो पाण्यात येतो, कुजणाऱ्या खाद्यातूनही येतो, आणि कल्लेच जाळतो. मासे तोंडे उघडत होते ते भुकेने नव्हे; त्यांचा श्वास कोंडला होता. आणि आम्ही त्यांना वरून आणखी विष घालीत होतो. हे वाक्य लिहिताना आजही हात अडखळतो.

नदीत वा तळ्यात हाच अमोनिया काही जीवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जीवाणू नायट्रेटमध्ये बदलतात. नायट्राइटही विषारीच; नायट्रेट थोडे असेल तर मासे सोसतात. नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. ते वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर सावकाश वस्ती करतात, त्यास चार ते सहा आठवडे लागतात. थोडक्यात, आधी डोळ्यांस न दिसणाऱ्यांना घर द्यायचे आणि मग दिसणाऱ्यांना.

आम्ही टाकी पुन्हा मांडली. खाली थर्माकोल, कारण भरलेल्या टाकीचे वजन 200 किलोच्या आसपास जाते आणि तळाशी खडा राहिला तर काच तडकते. जागा खिडकीपासून दूर, नाहीतर उन्हाने शेवाळ माजते. फिल्टर आणि हवेचा पंप सुरू केला, पाणवनस्पती लावल्या आणि मासे नसलेल्या त्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य घालू लागलो. शेजारच्या वर्गाने आम्हांस खुळ्यात काढले. रोजचा रंग वहीत लिहीत होतो. तो पिवळा, मग फिका, मग पाण्यासारखा झाला. नायट्राइट तपासण्याचे थेंब सरांनी दुकानातून आणविले. दोन्ही शून्यावर येण्यास चाळीस दिवस लागले.

मधल्या काळात बोअर आटला आणि टँकर सुरू झाला. टँकरच्या गावाहून आलेला आमचा एक सोबती चिडून म्हणाला, ‘‘माझी आई दोन हंड्यांसाठी रांगेत उभी राहते, आणि इथं माशांना दर आठवड्याला दोन बादल्या?’’ महाडच्या तळ्याची कथा पाठ असलेल्या शाळेत पाण्याचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. दोन रात्री शयनगृहात वाद झाला. शेवटी ठरले, मासे वीसच्या आत ठेवायचे, म्हणजे पाणी कमी खराब होईल. आणि काढलेल्या बादल्या विहारामागच्या पिंपळाच्या रोपास व वांग्यांच्या वाफ्यास घालायच्या. त्या पाण्यातील नायट्रेट हे झाडांचे खतच असते. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असे, म्हणून ते पिंपात घेऊन दोन दिवस त्यात हवा सोडायची.

मासे निवडताना पाण्याचीच साक्ष काढली. ज्या बोअरने बादल्यांच्या कडांवर पांढरा थर बसतो, त्या जड पाण्यात मऊ पाण्याचे निऑन टेट्रा आणणे हा हट्टच. गप्पी आणि मॉली यांना ते मानवते. झेब्रा तर आपल्याच देशातील ओढ्यांचा, काटक. आठ झेब्रा, सहा गप्पी, चार मॉली, आणि तेही एकदम नव्हे, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने. गप्पी-मॉली सारे नर घेतले. मादी महिन्याकाठी पिले घालते. ती द्यायची कोणाला? नदीत सोडण्याचा विचार सरांनी मोडून काढला. टाकीतून बाहेर सोडलेल्या सकर माशाने देशातील किती तलाव व्यापले आहेत, ते त्यांनी सांगितले.

सर्वांत जड गेला तो एक नियम: फिल्टरचा स्पंज नळाखाली किंवा साबणाने धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, म्हणजे जीवाणू टिकतात. स्वच्छतेच्या स्पर्धेत ज्या शयनगृहाने तीनदा ढाल जिंकली, त्याला तो मळकट स्पंज पाहवत नसे. गृहपालांनी एकदा तो जवळजवळ धुतलाच होता.

एकेचाळिसाव्या दिवशी आठ झेब्रा आले. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली, थोडेथोडे पाणी आत घेतले, मग मासे सोडले. त्या दिवशी कोणालाही खाद्य टाकू दिले नाही.

वही अजून टाकीखालच्या कप्प्यात आहे. दर जूनमध्ये टाकी नव्या आठवीकडे जाते. पहिल्या पानावर बारा रेघा आहेत आणि खाली आमच्या चौदा जणांच्या सह्या. ते पान मोठ्याने वाचून झाल्यावरच मुलांच्या हाती बादल्या दिल्या जातात.