चोळायचं नाही

सांगलीच्या हळद बाजारात वाढलेल्या माणसाला पिवळ्या धुळीचं काही वाटत नाही. अप्पांची अडत होती आणि शाळा सुटली की मी पेढीवरच असायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला आवक वाढली, पोती फुटून सौदे सुरू झाले की हवेत भुकटी तरंगायची. माझे डोळे लाल व्हायचे आणि मी ते चोळायचे. बोटांच्या टोकांनी नाही, मुठी वळून, पेरांनी, अगदी आतपर्यंत. त्यात काय सुख असतं ते खाज सुटलेल्यालाच कळेल. आई ओरडायची, "एक दिवस डोळे फोडून घेशील." आयांच्या बाकीच्या धमक्यांबरोबर मी हीसुद्धा सोडून दिली.

सतराव्या वर्षी चष्मा लागला. मग दर वर्षी आणि पुढे दर सहा महिन्यांनी नंबर बदलत गेला. वाढायचा तो मुख्यतः तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, आणि त्याचा कोनही जागेवर राहायचा नाही. दुकानदार म्हणायचा, मोबाईल कमी करा. मावशी म्हणायची, गाजर खा. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनीही "नंबर वाढायचंच वय आहे" म्हणून कागद हातात दिला. सहा वर्षांत आठ चष्मे झाले. प्रत्येक नवा चष्मा घालून चार दिवस गेले की वाटायचं, काच नीट पुसलेली नाही.

रात्री रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या फुटायच्या. पेढीच्या खातेवहीत इंग्रजी तीन आणि आठ एकमेकांत मिसळायला लागले. सगळ्यात फजिती संकष्टीला. गच्चीवर जाऊन चंद्र बघावा तर एकाखाली एक असे तीन. "यातल्या कुठल्याला ओवाळू?" असं मी विचारलं की घरातले हसायचे. मीही हसायचे. एकदा सहज उजवा डोळा मिटून पाहिलं, तरी डाव्यात चंद्र तीनच. मूठ वळून तिच्या फटीतून पाहिलं, तर एकच. तिरळेपणामुळे दोन दिसत असतील तर एक डोळा मिटला की दुसरं चित्र जातं. माझं जात नव्हतं, म्हणजे दोष त्या एकाच डोळ्याच्या काचेत होता. हे मला तेव्हा कळायला हवं होतं असं नाही, पण मी कुणाला सांगितलंही नाही. विचारलं तर "अंधुक दिसतं" एवढंच म्हणायचे.

पत्ता लागला तो लग्नापायी. चष्म्याची मुलगी नको म्हणून दोन स्थळं परतली, तेव्हा काकांनी सुचवलं, लेझर करून नंबर काढून टाकू. २०१६ साल, मी तेवीस वर्षांची. लेझरच्या आधी एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं. समोर पांढऱ्या वर्तुळांची चकती होती. थोड्या वेळाने पडद्यावर माझ्या डोळ्यांचे नकाशे आले, पावसाच्या अंदाजात दाखवतात तसे रंगीत. उजव्यात थोडा पिवळा रंग होता, डाव्यात खालच्या बाजूला चांगला लालभडक डाग. डॉक्टर मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "लेझर करायचं नाही. आत्ता नाही आणि कधीच नाही."

केरॅटोकोनस. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मधे पातळ होत जातो आणि आतल्या दाबाने शंकूसारखा पुढे येतो. त्याची वक्रता साधारण ४३-४४ डायॉप्टर असते, माझ्या डाव्या डोळ्याची ५३ झाली होती. जाडी सव्वापाचशे मायक्रॉनच्या आसपास हवी, ती ४६२ उरली होती. लेझर हाच पडदा आणखी तासतं, म्हणून ते माझ्यासाठी घातकच. मग मॅडमनी अनपेक्षित प्रश्न विचारला.

"झोपतेस कुठल्या कुशीवर?"

"डाव्या."

"उशीत तोंड खुपसून? आणि डोळे चोळतेस?"

मी गप्प. चोळल्यानेच होतं असं नाही, घडण मुळातली असते, कधी घराण्यात असते, पण चोळण्याने आजार वाढत जातो, असं त्यांनी समजावलं. खाजेसाठी अ‍ॅलर्जीचे थेंब दिले आणि चोळण्यावर कायमची बंदी घातली. मेडिकलमधून मनाने स्टेरॉइडचे थेंब आणायचे नाहीत हेही बजावलं.

हा आजार काही नवा नाही. जॉन नॉटिंगहॅम या इंग्रज डॉक्टरने १८५४ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. नागपूरकडच्या खेड्यांतल्या तिशीपुढच्या लोकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तीत शंभरातल्या दोनांहून थोड्या अधिक माणसांच्या कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त भरली. माझा राग त्या आठ चष्म्यांवर आहे. नंबर इतका पळतोय, तर एक नकाशा काढून पाहू, असं सहा वर्षांत कुणालाच का वाटलं नाही?

सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढला, तर शंकू वाढलेला. मग डाव्या डोळ्याचं क्रॉस-लिंकिंग केलं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी ही पद्धत आणली, रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ चे. वरचा पापुद्रा खरवडून काढतात, तो काढल्यावर निदान ४०० मायक्रॉन जाडी उरावी लागते, मी थोडक्यात बसले. मग अर्धा तास ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब. रंग अगदी आमच्या हळदीचा! नंतर अर्धा तास अतिनील किरण. त्याने पडद्यातले धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात. करताना दुखत नाही. रात्री दुखतं. डोळ्यात मिरची पूड टाकून पापणी शिवल्यासारखं. दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होते, आई पायाशी बसलेली. तिने एकदाही "मी सांगत होते" म्हटलं नाही.

क्रॉस-लिंकिंगने आजार थांबतो, नजर परत येत नाही. चष्म्याने आता भागणार नव्हतं. आधी छोट्या कडक लेन्स दिल्या, पण बाजारातली धूळ आत गेली की जीव नकोसा व्हायचा आणि लेन्स कधी पोत्यांत पडेल सांगता यायचं नाही. मग स्क्लेरल लेन्स आली. ही वाटीएवढी वाटते, पण टेकते डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, शंकूला शिवत नाही. तिच्यात सलाइन भरायचं, तोंड जमिनीकडे करून डोळा तिच्यावर न्यायचा, बुडबुडा अडकला तर सगळं पहिल्यापासून. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला, हल्ली पाच मिनिटं. काढायला रबराची छोटी चूषणी. नळाचं पाणी तिला लावायचं नाही, जंतुसंसर्गाने डोळा जाऊ शकतो. ती घालून वही उघडली आणि तीन, आठ आपापल्या जागी उभे दिसले. अप्पांची दोन वर्षांपूर्वीची चूक तेव्हाच सापडली. माझी नव्हती ती.

तिसऱ्या स्थळाला सगळं आधीच सांगितलं. मुलाने एवढंच विचारलं, "गाडी चालवता येते?" लेन्स घालून येते, म्हटलं. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली.

आता पेढीवर भावाचा मुलगा येतो, नऊ वर्षांचा. परवा मुठी वळून बसलेला दिसला तशी मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. अ‍ॅलर्जी आहे, नकाशा अजून स्वच्छ आहे. गल्ल्यात आता त्याच्या थेंबांची बाटली असते आणि माठाशेजारी ओल्या रुमालाची घडी. खाज सुटली की तो ती डोळ्यांवर धरून ओरडतो, "आत्या, मी चोळत नाहीये!" त्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.