काचेच्या भांड्याला लिव्हर नसतं

सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या हातून एक मासा गेला आहे. आणि तोही स्वच्छतेच्या नादात!

तीन वर्षांपूर्वी मुलीने माझ्या वाढदिवसाला निळा फायटर मासा आणला. यालाच बेटा फिश म्हणतात. सोबत दोन लिटरचं गोल भांडं आणि रंगीत खडे. "याला पंप लागत नाही, काहीच लागत नाही," असं दुकानात सांगितलं होतं. दर रविवारी मी माशाला वाटीत काढायचो, भांडं आणि खडे नळाखाली खसाखसा घासायचो आणि ताजं पाणी भरायचो. पाणी अगदी आरशासारखं दिसायचं. तिसऱ्या आठवड्यात त्याने खाणं सोडलं, पंख मिटून घेतले. मला वाटलं, थंडी बाधली असेल. शनिवारी सकाळी तो तळाशी आडवा पडलेला दिसला.

मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, पेशंट असता तर तुम्ही आधी टेस्ट करायला सांगितली असती ना?"

ते वाक्य लागलं. मी अमोनिया तपासण्याचं किट आणलं आणि भांड्यातलं तेच पाणी तपासलं. अमोनिया शून्य असेल तर नळीत पिवळा रंग येतो. माझ्या नळीत गर्द हिरवा आला. डोळ्यांना स्वच्छ दिसणारं पाणी विषारी होतं.

हे कसं घडलं, ते समजून घ्या. आपल्या शरीरातही अमोनिया तयार होतो. लिव्हर त्याचं युरियात रूपांतर करतं आणि किडनी तो युरिया लघवीवाटे बाहेर टाकते. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. उरलेलं अन्न कुजूनही अमोनिया होतो. टाकीत हे लिव्हरचं काम उपयुक्त बॅक्टेरिया करतात. ते अमोनियापासून नायट्राइट आणि त्यापासून बराच कमी घातक नायट्रेट बनवतात. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहतात. साठलेलं नायट्रेट आपण पाणी बदलून काढायचं, म्हणजे किडनीचं काम आपलं! माझ्या भांड्यात फिल्टर नव्हता. खड्यांवर जे थोडंफार लिव्हर तयार होत होतं, ते मी दर रविवारी घासून टाकत होतो.

"पण हा मासा तर डबक्यातही जगतो ना?" असं बरेच जण विचारतात. त्याच्याकडे हवेतून श्वास घेणारा खास अवयव असतो, त्यामुळे कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तो तग धरतो. अमोनियापासून मात्र हा अवयव त्याला वाचवत नाही. थायलंडमधली त्याची भातखाचरं उथळ असली, तरी दूरवर पसरलेली असतात. त्यांत माती, वनस्पती आणि बॅक्टेरिया भरपूर असतात.

आता माझ्याकडे दुसरा फायटर आहे, लाल रंगाचा. त्याची व्यवस्था अशी:

1. टाकी 20 लिटरची, मंद प्रवाहाचा स्पंज फिल्टर आणि वर झाकण, कारण हा मासा उडी मारतो.
2. नव्या टाकीत हे बॅक्टेरिया वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. मासा त्यानंतर आणला.
3. आठवड्याला फक्त पाव भाग पाणी बदलतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन औषधाचे थेंब टाकून आधी काढतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळतो.
4. तापमान 24 ते 28 अंश. पुण्याच्या थंडीत हीटर लागतोच.
5. दिवसाला दोन-चार दाणे अन्न. त्याने कितीही मागितलं तरी!
6. टाकीत नर एकटाच. दोन नर एकत्र ठेवले तर मारामारी ठरलेली.

आता डॉक्टर म्हणून एक सूचना. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचा एक नातेवाईक असू शकतो. तो जखमेतून शिरला, तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर न दुखणारी गाठ किंवा न भरणारी जखम होते. अशा वेळी डॉक्टरांना "घरी मासे आहेत" हे आवर्जून सांगा. हे जंतू थोड्या कमी तापमानाला वाढतात, त्यामुळे लॅबला आधी कल्पना द्यावी लागते. उपचार आहेत, पण ते काही महिने चालतात.

परवा एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, मला काहीच त्रास नाही, मग शुगर कशाला तपासायची?" मी त्यांना निळ्या माशाची गोष्ट सांगितली. ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबमध्ये गेले. तुमची तपासणी राहिली असेल, तर तुम्हीही जाऊन या.