विनातारण

वर्ष संपत आलं की रविवारच्या पुरवण्यांमध्ये एक यादी येते. 'यंदा वाचायलाच हवीत अशी पुस्तके'. कथा-कादंबऱ्या वेगळ्या, ललितेतर वेगळी आणि उरलेल्या कोपऱ्यात बालसाहित्य. यादी करणारी मंडळी विद्वान असतात. प्रत्येक पुस्तकापुढे 'अस्वस्थ करणारं वास्तव' किंवा 'जगण्याची गुंतागुंत' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी पडलो बी. कॉम., त्यातून बँकेतला कारकून. यादी दिसली की मला खाली बेरीज मारावीशी वाटते. एका पुस्तकाचे तीनशे रुपये धरले, तरी २०२४-२५ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ४८९२ रुपये, ते सहा किलो सोयाबीन झालं. तेही हमीभाव मिळाला तर! आता तुम्ही म्हणाल, पुस्तकं काय किलोवर मोजायची असतात? पण आमच्या पिंगळीत पुस्तकाची शिफारस करायची, तर समोरचा माणूस मनातल्या मनात हाच हिशोब करतो.

पिंगळी म्हणजे परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघालात की लागणारं स्टेशन. लागतं म्हणजे, पॅसेंजरमध्ये बसला असाल तर. एक्सप्रेस गाड्या बहुतेक शिट्टी मारून निघून जातात. नव्या मराठी पुस्तकांचंही तसंच आहे. पुण्या-मुंबईला सुटतात, फार तर परभणीला दोन मिनिटं थांबतात आणि आमच्या फलाटावर धूळ उडवून पुढे जातात.

वास्तविक परभणीला पुस्तकांचं वावडं नाही. १९९५ साली इथं साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष नारायण सुर्वे. बी. रघुनाथ परभणीचेच. नोकरी सरकारी बांधकाम खात्यात, कारकुनाची. म्हणजे आमच्याच बिरादरीतले. १९५३ साली अवघ्या चाळिशीत गेले, पण तेवढ्यात कविता, कथा, कादंबऱ्या असं सगळं लिहून गेले. मी चाळिशी ओलांडली आहे आणि मला अजून किरकोळ रजेचा अर्ज एका खर्ड्यात साधत नाही. आसाराम लोमटे तर आजचे, तेही परभणीचे. त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण आमच्या रांगेत उभं राहून कुणी 'आलोक' अशी हाक मारली, तर एखादं पोरगं 'ओ' देईल, एवढीच त्या नावाची ओळख.

म्हणून काउंटरखालचा एक खण मी पुस्तकांना दिला. खण बँकेचा, पुस्तकं माझी. शेजारी एक वही ठेवली: नाव, पुस्तक, दिल्याची तारीख. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं की, घरातली रद्दी हलली हे बरं झालं. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे कुठल्या योजनेत बसतं?" मी म्हटलं, "विनातारण."

पहिले कर्जदार म्हणजे शिंपीकाका. त्यांना मी 'उसवण' दिली. लेखक देविदास सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिलाई मशिनवर बसलेले. तयार कपड्यांच्या लाटेत शिंप्याचं पोट कसं उसवत जातं, त्याची ही कादंबरी. २०२४ चा युवा पुरस्कार तिला मिळाला. "शिंप्यावर कादंबरी?" काका संशयाने म्हणाले, "आन् लोक ती इकत घेतात?" पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं. कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, "मापात हाय." शिंप्याच्या तोंडी याहून मोठी स्तुती नाही. मग मी पुस्तक उघडून पाहिलं. खणातल्या ओढाताणीत सुटलेली मधली पानं पांढऱ्या दोऱ्याने पक्की टाचलेली होती. 'उसवण' शिवून परत आली होती.

मुलांचा खाक्या वेगळा. मोठी माणसं पुरस्कार बघतात, मुलं पहिलं पान बघतात. निराधार योजनेचे पैसे काढायला येणारी एक आजी म्हणाली, "नातवाला काही तरी दे रे बाबा. पन अभ्यासाचं नको. अभ्यासाचं पुस्तक धरलं की झोपतंय त्ये." मी 'समशेर आणि भूतबंगला' दिलं. भारत सासणे म्हणजे २०२२ च्या उदगीर संमेलनाचे अध्यक्ष. एवढा मोठा लेखक मुलांसाठी भूतबंगला बांधायला बसतो, याचं मला फार अप्रूप. त्या पुस्तकाला २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार आहे. पुढच्या खेपेला आजी काउंटरवर भांडायलाच आली. "काय दिलंस त्याला? रातभर झोपंना. मोबाइलच्या उजेडात वाचतंय!" मोबाइलचा असाही उपयोग असतो, हे मला तेव्हाच कळलं.

संगीता बर्वे यांची 'पियूची वही', २०२२ चा बालसाहित्य पुरस्कार, आमच्या शिपायाच्या मुलीकडे गेली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी रद्द झालेले फॉर्म मागते. पाठकोऱ्या बाजूवर तिची स्वतःची वही चालू आहे. बँकेच्या फॉर्मवर कुणी मनापासून काही लिहिताना मी नोकरीत प्रथमच पाहिलं.

ललितेतरात आमच्या निवृत्त मास्तरांनी 'गोष्ट मेंढा गावाची' नेलं. मिलिंद बोकील यांचं हे पुस्तक अगदी कालचं नव्हे, पण पिंगळीत पोचेल तेव्हा नवंच. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव सगळे निर्णय एकमताने घेतं आणि आपलं जंगल आपण सांभाळतं, त्याची ही हकीगत. मास्तर ते रोज पारावर मोठ्याने वाचतात. ऐकणाऱ्या चौघांचं अजून चहा कुणी सांगायचा यावर एकमत झालेलं नाही, पण चर्चा नियमित होते.

राहता राहिली 'रिंगाण'. कृष्णात खोत यांची ही कादंबरी, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. एक शेतकरी पासबुक भरायला आले होते. त्यांच्यापुढे पुस्तक धरलं, तर म्हणाले, "शेतकऱ्याचंच हाय ना? मंग मी कामून वाचू? मपलं मला ठाव हाय."

"धरणात ज्यांचं गाव गेलं, त्यांचं आहे. आणि म्हशींचं."

म्हैस म्हटल्यावर हात पुढे आला. महिन्याभराने ते आले. पासबुक नव्हतं, पुस्तकही नव्हतं. मागे रांग होती, तरी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभे राहिले.

"साहेब, म्हशी मागं सोडून गेले हो ते."

"गाव हललं ना."

"गाव हललं खरं. पन मागं राह्यलेली म्हैस रानटी होती हो. मालकाला वळखत न्हाई." ते जरा थांबले. "जायकवाडीचं पानी माझ्या रानात येतंय. पाळी आली की रात-रात दारं धरतो. त्या पान्याखाली बी कुनाची तरी दावन असंलच की. इतकी वर्सं झाली, हे कव्हा मनातच आलं न्हाई."

जायकवाडी धरण १९७६ सालचं. डावा कालवा दोनशे आठ किलोमीटर लांब. हे आकडे मला पाठ आहेत, कारण पीककर्जाच्या कागदांवर 'सिंचनाची सोय: कालवा' असं मी हजारदा लिहिलं आहे. कालव्याला दुसरंही टोक असतं, असा रकाना त्या कागदात नाही. रांगेतलं कुणीतरी मागून ओरडलं, पण हे गृहस्थ आपले काउंटरच्या लाकडाकडे बघत उभे.

"पुस्तक आणलं नाहीत?" मी विचारलं.

"पैठणकडं सोयरे हायेत. त्येंचं जुनं गाव पान्यात गेलेलं. त्येंना धाडलं. येईल म्हागारी."

आमच्या शास्त्राप्रमाणे नव्वद दिवस वसुली आली नाही, तर खातं अनुत्पादक ठरतं. 'रिंगाण'ला पाच महिने झाले. सोयऱ्यांनी ते आणखी कुणा सोयऱ्याला दिल्याची बातमी आहे. वहीत त्या नावापुढे मी 'पैठण' एवढंच लिहून ठेवलं आहे. दुसरी प्रत मागवली आहे, सहा-सात किलोत बसते. ती येण्याआधीच शिंपीकाकांनी नंबर लावून ठेवला आहे आणि बजावलं आहे की, आली की आधी त्यांच्याकडे द्यायची. पानं सुटायच्या आत ते टाके घालून घेणार आहेत.