फणेरपेटी

कन्येच्या लग्नासाठी फणेरपेटी शिसवीचीच करावी, असा माझा हट्ट होता. सुताराने मात्र आमच्या अंगणातील सागवानी तुळईकडे बोट दाखविले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूरचे आमचे घर भूकंपात पडले. दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदाच्या मणामणाच्या मातीसह ही तुळई आईच्या अंगावर आली. पुढे ती जाळण्यास हात धजला नाही, वापरण्यासही नाही.

रंधा फिरताच करड्या लाकडातून सोनेरी रेषा उमटल्या. गाठीपाशी तर पाण्यातले भोवरेच! झाकणावर वेलबुट्टी कोरावयास मी सांगितले.

“एवढी नक्षी हाय की मालक, आणिक कशाला कोरायची?” म्हणत तो जवसाचे तेल चोळू लागला.

खिळ्याचे जुने भोक पत्नीने बुजवू दिले नाही. लाकूड कोठले, हे कन्येस अद्याप सांगितलेले नाही.